कॉम्प्युटर घेताना नाव नव्हे, वाण पाहा

कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले. पण ताक्यावरचा शिक्का पाहून आम्ही कधी माल उचलला नाही. पोत बोटांत चोळायचा, तुकडा भिजवून रंग सुटतो का, आटतो किती ते पाहायचे, मगच सौदा. परंतु दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना मात्र नुसते नाव विचारून आम्ही मोकळे झालो!

1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि पनवेलच्या आमच्या दुकानातही हिशेबासाठी कॉम्प्युटर आला. कंपनी नामांकित होती. दुसऱ्याच पावसाळ्यात तो बंद पडला. सारी उधारी त्यातच. दुसरी नक्कल ठेवलेली नव्हती. जी रक्कम बुडाली ती अक्कलखाती जमा केली.

व्यापारी बांधवांनी केवळ नावावर विसंबू नये. 2000 साली आलेली आयबीएमची डेस्कस्टार 75 जीएक्सपी ही हार्ड डिस्क इतकी बिघडू लागली की, 2001 मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीवर दावा लावला. पुढे डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स 270 या कॉम्प्युटरांचे मदरबोर्ड फुगलेल्या कपॅसिटरमुळे निकामी झाले आणि 2005 मध्ये कंपनीला त्यापायी सुमारे 30 कोटी डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला. कपॅसिटर म्हणजे वीज सांभाळणारी एवढीशी डबी; पण तिने एवढ्या मोठ्या कंपनीला जेरीस आणले.

मग सगळ्याच कंपन्या वाईट काय? तसे नाही. एकाच गिरणीत तलम कापड निघते आणि जाडेभरडेही. लेनोवोचे थिंकपॅड कचेऱ्यांसाठी, आयडियापॅड घरगुती वापरासाठी. डेलचे लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन यांचेही 2025 पर्यंत तसेच होते. तेव्हा कंपनी विचारण्याआधी मॉडेल विचारावे.

भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक जरूर पाहावा. 2012 च्या आदेशाने तो सक्तीचा झाला आहे. मात्र तो विजेच्या धोक्यापासून सुरक्षिततेची हमी देतो, टिकाऊपणाची नव्हे.

टिकाऊपणाची खबर विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला अधिक असते. त्याच्या टेबलावर कोणते मॉडेल वारंवार येते आणि कोणाचे सुटे भाग सहज मिळतात, हे त्यालाच विचारावे. वॉरंटीचा माणूस दुकानात येणार की यंत्र उचलून आपणच मुंबईला न्यायचे, हेही आधी ठरवून घ्यावे. हंगामात आठ दिवस बिलिंग बंद राहिले, तर स्वस्ताईचा नफा त्यातच जातो.

कोणी म्हणेल, लॅमिंग्टन रोडवर भाग जुळवून यंत्र स्वस्तात मिळते. अवश्य घ्यावे, पण प्रत्येक भागाचे नाव आणि क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. पैसे वाचवायचेच असतील तर दिखाऊ कॅबिनेटवर वाचवावेत, पॉवर सप्लायवर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा आणि विजेचा लपंडाव. म्हणून यूपीएस आणि चांगले अर्थिंग हवेच.

आणि इतके करूनही यंत्र ते यंत्रच. एक दिवस बंद पडायचेच. म्हणून रोज रात्री शटर ओढण्यापूर्वी हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घरी न्यावी. गल्ला आपण दुकानात सोडून जात नाही. मग उधारीची वही का सोडावी?