फीड होणं आणि फीडर ठरणं

मुलगा खोलीचं दार लोटून हेडफोनमध्ये ‘मिड मिस, केअर, केअर!’ असं ओरडतो, त्यातलं अक्षर कळत नाही, ही कसली भाषा, असं विचारणारे पालक मला वरचेवर भेटतात. त्यांची काळजी मला कळते, पण ती चुकीच्या जागी लागली आहे असं माझं मत आहे. ही भाषा बिघडलेली नाही. ती कामाची भाषा आहे आणि खेळणाऱ्यांनीच ती वापरून वापरून घडवली आहे. बिघाड आहे तो दुसरीकडे, आणि त्याबद्दल पालक सहसा बोलत नाहीत.

आधी ‘मिड मिस’ म्हणजे काय ते पाहू. ‘डोटा २’ किंवा ‘लीग ऑफ लेजेंड्स’मध्ये पाच जणांचा एक संघ पाच जणांच्या दुसऱ्या संघाशी लढतो. नकाशावर दोन तळ, त्यांना जोडणारे तीन रस्ते आणि रस्त्यांच्या मधे झाडी. मधल्या रस्त्यावर उभा असलेला शत्रू एकाएकी दिसेनासा झाला, तर तो झाडीतून बाजूच्या रस्त्यावरच्या आपल्या गड्याच्या पाठीवर येणार हे जवळजवळ ठरलेलं. हे ज्याला आधी दिसलं त्यानं उरलेल्या चौघांना सांगायचं आणि सांगायला वेळ मिळतो दोन-तीन सेकंद. पूर्ण वाक्य जुळवत बसलं तर गडी गेलाच. म्हणून दोन शब्द: ‘मिड मिस’. आणि तिसरा: ‘केअर’, म्हणजे सांभाळून. अशा दबा धरून केलेल्या हल्ल्याला ‘गँक’ म्हणतात. टोळीनं गाठून मारणं, या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा तो सांधा.

या भाषेत मला सर्वांत आवडलेली जोडी आहे ‘लास्ट हिट’ आणि ‘डिनाय’. ‘डोटा’त दर अर्ध्या मिनिटानं दोन्ही तळांवरून छोटे शिपाई निघतात. त्यांना ‘क्रीप’ म्हणतात. शत्रूच्या क्रीपवर जो शेवटचा घाव घालतो त्यालाच त्याचं सोनं मिळतं, आधी कितीही वार केले असले तरी काही उपयोग नाही. हा लास्ट हिट. आता समोरच्याला ते सोनं मिळू द्यायचं नसेल तर? आपलाच मरायला टेकलेला शिपाई आपणच मारायचा. हा डिनाय. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहून पाच-सात मिनिटं एकमेकांना जवळपास हातही न लावता या शेवटच्या घावासाठी झुंजत राहतात, आणि पुढच्या अर्ध्या तासाचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो. एवढी बारीक कल्पना एका शब्दात बसवणाऱ्या पोरांना भाषा येत नाही, असं मी म्हणणार नाही.

हे शब्द आले कुठून याची कथाही सरळ नाही. ‘डोटा’ कुठल्या कंपनीनं काढलेला खेळ नव्हता. 2002 साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात आपापले नकाशे बनवण्याची सोय होती. त्यातून 2003 मध्ये एका हौशी खेळाडूनं हा नकाशा केला, पुढे इतरांनी तो वाढवला. त्याच धर्तीवर आलेलं ‘लीग ऑफ लेजेंड्स’ 2009 चं, ‘डोटा २’ 2013 चं. क्रीप हा शब्द मूळ ‘वॉरक्राफ्ट’मधला. एखाद्या पात्राची ताकद कमी केली की ‘नर्फ’ केलं म्हणतात, ते मऊ फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नावावरून. तरबेज खेळाडू नव्या नावानं नवशिक्यांत येऊन बसला की त्याला ‘स्मर्फ’ म्हणतात. नव्वदच्या दशकात दोघा पट्टीच्या खेळाडूंनी आपली ओळख लपवायला कार्टूनमधल्या निळ्या बुटक्यांची नावं घेतली होती, तिथून ते आलं.

खेळाचे शब्द असेच हाताला लागतील तिथून उचलले जातात. विटीदांडू खेळताना आपल्याकडे पोरं वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू या तेलुगू आकड्यांशी त्यांचं नातं कानालाच कळतं. आणि खेळातून बाहेर पडलेले शब्दही थोडे नाहीत. ‘लोण’ आट्यापाट्यांतलं, ‘चीतपट’ आखाड्यातलं. आज संपादकीयात लोण पसरतं आणि निवडणुकीत उमेदवार चीतपट होतो, तेव्हा कुणी भाषा बिघडली म्हणत नाही.

महाराष्ट्रात गावोगावी मात्र ‘डोटा’ नव्हे, मोबाइलवरचा खेळ आहे. ‘पब्जी मोबाइल’वर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याचा भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आला, वर्षभरानं तोही अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. खेळ दोनदा गेला, शब्द एकदाही गेले नाहीत. संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या पारावर चार पोरं माना खाली घालून बसलेली असतात, त्यांच्या शेजारी उभं राहून ऐका:

‘घरात दोघं आहेत, एक लो आहे.’
‘नॉक, नॉक! रश मारू का?’
‘थांब ना, झोन लागतोय. आधी मला रिव्हाइव्ह दे.’
‘स्मोक टाकतो, तू कव्हर दे. आणि माझा किल चोरू नकोस.’

नामं बहुतेक इंग्रजी, पण वाक्याचा कणा अस्सल मराठी. रश ‘मारतात’, जशी धाड मारतात. झोन ‘लागतो’, जसं ऊन लागतं. किल ‘चोरतात’. क्रियापदं, विभक्ती, ‘थांब ना’मधला तो ‘ना’, यांतलं काहीही जागचं हललेलं नाही. मराठीच्या भवितव्याची चिंता करणाऱ्यांनी या पोरांना आधी वगळावं.

आता बिघाडाकडे येतो. ‘फीड’ हा शब्द घ्या. ‘डोटा’सारख्या खेळात तुम्ही मेलात की मारणाऱ्याला सोनं आणि अनुभव मिळतो. पुन्हा पुन्हा मेलात तर तुमच्या जिवावर शत्रू पोसला जातो. म्हणून ‘टॉप फीड होतोय’ ही बातमी आहे: वरच्या रस्त्यावर आपला गडी अडचणीत आहे, कुणीतरी जा. इथपर्यंत शब्द कामाचा. पण कधीतरी त्याचा ‘फीडर’ होतो. आता ती बातमी राहत नाही, तो माणसावर मारलेला शिक्का होतो. मदतीला कुणी जात नाही, सगळे शिक्का मारत बसतात, आणि तो गडी आणखी चार वेळा मरतो. शिवी खाल्लेल्या पोराचा हात स्थिर राहत नाही, हे कुठल्याही कबड्डीच्या प्रशिक्षकाला ठाऊक असतं.

‘डिफ’चंही तेच. ‘जंगल डिफ’ म्हणजे आपल्या आणि त्यांच्या झाडीत फिरणाऱ्या गड्यातला फरकच सामना ठरवतोय. विश्लेषण म्हणून ठीक, पण सामना चालू असताना तो एकाच अर्थानं बोलला जातो: तुझ्यामुळे हरलो. आणि ‘जीजी’! ‘स्टारक्राफ्ट’ खेळणाऱ्या कोरियन खेळाडूंत हरणाऱ्यानं ही दोन अक्षरं टाइप करून, म्हणजे चांगला खेळ झाला असं कबूल करून, मैदान सोडायचा शिरस्ता होता. त्याला शेपूट जोडून ‘जीजी ईझी’ झालं: सोपंच होतं तुम्हाला हरवणं. जिंकणाऱ्यानं पराभूताचा नमस्कार हिसकावून त्याच्याच तोंडावर मारावा, तसं हे आहे. ‘ओव्हरवॉच’ या खेळानं यावर छान तोड काढली. कुणी हे शब्द टाइप केले की पडद्यावर उमटायचं भलतंच, ‘माझी झोपायची वेळ टळून गेली आहे, आईला सांगू नका’ अशा अर्थाचं काहीतरी. ‘लीग ऑफ लेजेंड्स’नं ऑक्टोबर 2021 मध्ये दोन्ही संघांतलं सामायिक बोलणंच बंद करायचं ठरवलं. पण आपल्याच चौघांशी बोलायची खिडकी उघडी राहिली, आणि ‘फीडर’ हा शब्द तर तिथेच जन्मतो.

याची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. माइक चालू केला, मुलीचा आवाज आला, की अनोळखी संघात खेळाबद्दलचं बोलणं थांबतं आणि दुसरंच काही सुरू होतं. म्हणून कित्येक जणी माइक बंदच ठेवतात आणि नकाशावर खुणा करून भागवतात. ज्या खेळात ‘मिड मिस’ वेळेवर ऐकू येण्यावर जीव अवलंबून, तिथे संघातल्या एका खेळाडूला मुकं करून ठेवायचं, हा खेळ म्हणूनसुद्धा अडाणीपणा आहे. घरी आपली मुलगी मुकाट्यानं खेळते याचं बरं वाटून घेणाऱ्या आईवडिलांनी तिला एकदा विचारावं, का गं.

2022 च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत ‘डोटा २’मध्ये भारतीय संघानं कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षाअखेर केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. म्हणजे हा आता रीतसर खेळ आहे. मग महाविद्यालयांत ज्या स्पर्धा भरतात तिथे फक्त टेबलं आणि वायफाय पुरवून भागणार नाही. संघात सूचना देणारा एक म्होरक्या असतो, ‘आयजीएल’ म्हणतात त्याला. बोलण्याची शिस्त त्याच्याकडे सोपवावी. सामना चालू असताना फक्त तीन गोष्टी बोलायच्या: शत्रू कुठे, किती आणि आता काय करायचं. कोण चुकलं, कसं चुकलं, हे सामना संपल्यावर पाचही जणांनी एकत्र बसून, रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघायचं. आणि आयोजकांनी नियमपत्रकात एक ओळ घालावी, की आपल्याच गड्याला शिवी दिली तर पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी संघाचा एक गुण कापला जाईल.