दात भूक सांगतो, जात नाही

दोस्तांनो, मढी उकरून वंशावळ काढायचा हंगाम आलाय. कुणाला आर्य इथलेच ठरवायचेत, कुणाला आपण मूलनिवासी ठरवायचंय. सांगाड्यात सगळ्यात जास्त टिकतो तो दात, म्हणून दाताला साक्षीला बोलावतात. मग साक्ष नीट तरी ऐका.

दातावरचं एनॅमल लहानपणी एकदाच बनतं. शरीर ते पुन्हा दुरुस्त करत नाही. ज्या मातीतलं अन्नपाणी पोटात गेलं, त्या मातीचं स्ट्रॉन्शियम त्यात बसतं. पहिली दाढ तान्हेपणी घडते, अक्कलदाढ पुष्कळ उशिरा. दोघींचं जुळलं नाही, तर मधे माणसानं मुलूख बदलला असं धरतात. आकारही बोलतो. समोरचे दात आतून फावड्यासारखे खोलगट असणं पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ लोकांत फार. क्रिस्टी टर्नरनं अशाच खुणांवरून आशियातनं अमेरिकेत गेलेल्यांचा माग काढला. पण हा सगळा शेकडा कितीचा हिशेब. एका माणसाचा एक दात धरून वंश सांगता येत नाही. आणि जात? जातीचा दात अजून कुणाच्या जबड्यात उगवलेला नाही.

हा खेळ आपल्यावर आधी झालाय. १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर रिस्ले. त्यानं नाकाच्या मापावर जातींची उतरंड लावली. रुंद नाक, खालची जात! बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्याच मापांनी हा डाव उलटवला. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवलं. अस्पृश्यता रक्तातनं आली नाही, ती लादली. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, हे तर त्यांनी १९१६ सालीच कोलंबियात मांडलं होतं. जे नाकाला, तेच दाताला.

मग दाताचा उपयोग काय? आहे. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. घोड नदीकाठचं तीन हजार वर्षांमागचं गाव, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खणलेलं. तिथं मेलेली लेकरं घराच्या भुईखाली मडक्यांत पुरत. लुकाच आणि वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे तपासले, बदलत्या हवामानाशी आणि पोटापाण्याशी ताडून बघितले. दात घडताना लेकराची आबाळ झाली, की अशी खूण राहते. त्याच गावात पाच खोल्यांचं मोठं घर होतं, जवळ धान्याचं कोठार होतं. कोठार कुणाचं आणि खड्डे कुणाच्या लेकराच्या दातात, हा माझा प्रश्न. माझ्या लेखी इतिहास इथनं सुरू होतो. कोण आधी आलं, तिथनं नाही.

‘आम्ही आधीचे’ एवढ्यावर हक्क मागाल, तर उद्या कुणी दुसरी दाढ पुढं करून तो काढून घेईल. १९२७ साली चवदार तळ्यावर पाण्याला हात लावला तो माणूस म्हणून. कुणी दात दाखवला नव्हता. दात बैलाचा बघतात, बाजारात. आपण विकायला उभे नाही.

वस्तीतल्या पोरांच्या तोंडात बघा. खड्डे दिसले तर रेशनचा, अंगणवाडीचा हिशेब मागा. पूर्वजांचे दात कोरून पोट भरत नाही.

जयभीम.