रिकाम्या जागेची मानवंदना

शब्द जेथे थिटे पडतात तेथे माणूस विधीचा आश्रय घेतो. कोणी तर्पणाची ओंजळ सोडतो, कोणी बंदुकीच्या फैरी झाडतो, कोणी ध्वज अर्ध्यावर उतरवितो. वैमानिकांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्यासाठी जो विधी निर्माण केला आहे, तो मात्र या सर्वांहून वेगळा आहे. बाणाच्या अग्रासारखी रचना करून विमाने उडत येतात आणि त्यांतील दोघांच्या मध्ये एका विमानाची जागा मोकळी सोडलेली असते. कधी ती रचना प्रथम पूर्ण असते. मग एक विमान एकाएकी रांग सोडून उंच आकाशात निघून जाते आणि उरलेली विमाने तसूभरही न हलता पुढे जातात. ती जागा कोणी भरून काढीत नाही. या मानवंदनेला ‘मिसिंग मॅन’ असे नाव आहे. वैमानिकाला इतर वेळी शिकवण असते ती रांग सांधण्याची. येथे रांग न सांधणे हाच आदर ठरतो.

२७ मे २०१९ रोजी पंजाबात भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावर हे दृश्य दिसले. त्या दिवशी मिग-२१ विमानात बसून या रचनेचे नेतृत्व करणारा वैमानिक कोणी तरुण अधिकारी नव्हता. प्रत्यक्ष हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल बी. एस. धनोआ होते. त्यांच्यासमवेत एअर मार्शल नंबियार होते. बरोबर वीस वर्षांपूर्वी, २७ मे १९९९ रोजी, कारगिलच्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले व त्यांना छत्रीच्या साहाय्याने उडी घ्यावी लागली. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांना सुरक्षित परत फिरता आले असते. पण खाली पडलेला सोबती कोठे आहे हे शोधण्यासाठी ते शत्रूच्या माऱ्याच्या टापूत थांबले आणि त्यांचे विमान क्षेपणास्त्राला बळी पडले. मरणोत्तर वीरचक्र त्यांना मिळाले. धनोआ त्या वेळी त्यांच्याच १७ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. ज्याने सोबत्याची रिकामी झालेली जागा पाहून पाठ फिरविली नाही, त्याच्यासाठी त्याच्या प्रमुखाने आकाशात एक जागा रिकामी ठेविली. यापेक्षा उचित श्रद्धांजली कोणती?

विमान पकडण्यासाठी नांदेड गाठावे लागणाऱ्या परभणीकराला या गोष्टींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाची ११० वी तुकडी फ्रान्समध्ये उतरली ती निजामाच्या देणगीतील विमाने घेऊन, आणि ‘हैदराबाद’ हे नाव तिला जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ या तुकड्यांनीही तेच नाव मिरविले. ज्या राज्याचा खजिना असा मुक्तहस्ते उघडला गेला, त्या राज्याचा परभणी हा एक जिल्हा होता. गोदा, पूर्णा आणि दुधनेच्या काठी राबणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचा सारा त्याच खजिन्यात जात होता. परंतु त्याला कोणी विचारले नव्हते. ती विमाने कोठे लढली आणि त्यांतील कोण परतले नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही स्थिती पालटली. आजचे हवाई दल कोणा दरबारचे नसून आमचे आहे. म्हणून त्यातील मृत्यूही आमचे आहेत, आणि त्यांच्याविषयी विचारण्याचा अधिकारही आमचा आहे.

हा अधिकार आम्ही पुरेसा बजावतो काय? महाराष्ट्राचीच दोन उदाहरणे घेऊ. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगामजवळ मि-१७ हेलिकॉप्टर कोसळून मृत्यू पावले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक त्या दिवशी प्राणांस मुकले. घात शत्रूने केला नव्हता. आपल्याच क्षेपणास्त्राने केला होता. ही गोष्ट स्वीकारणे कोणत्याही सेनेला जड जाते. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये नवे हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे उघडपणे मान्य केले. त्याला सात महिने लागले हे खरे. पण सत्य सांगितले गेले. आमच्या मते ती कबुली हीसुद्धा एक मानवंदनाच होती.

दुसरे नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. त्यांच्या नावाशी जुळणारे नाव पकडल्या गेलेल्या वैमानिकांत असल्याचे त्याच सुमारास पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले. पुढे बेपत्ता ठरलेल्या ५४ जवान व अधिकाऱ्यांच्या यादीत ते गेले. पाकिस्तानने असे कैदी आपल्याकडे असल्याचे सतत नाकारले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, ज्या स्वतः बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या, त्यांनी आपले आयुष्य या शोधात घालविले. २००७ मध्ये बेपत्तांचे आप्त पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले व रिक्त हस्ते परतले. आहुजांच्या नावे सोडलेल्या जागेला निदान एक अर्थ आहे. तांबे यांच्या जागेला अजून उत्तरच नाही. ज्याचा मृत्यूही निश्चित नाही त्याला श्रद्धांजली तरी कशी वाहावी?

आकाशातील मानवंदना काही क्षणांत संपते. तिचा डामडौल पाहून आमचे डोळे पाणावतात, आणि आपले कर्तव्य झाले असे वाटून आम्ही घरी जातो. हा मोह टाळला पाहिजे. अपघातांच्या चौकशीतील सर्व तपशील सुरक्षिततेस्तव उघड करता येणार नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोष यंत्राचा, माणसाचा की आज्ञेचा, एवढा निष्कर्ष ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवण्यास कोणती सुरक्षितता आड येते? बेपत्तांची यादी ही जुनी फाईल नव्हे, हे प्रत्येक सरकारला पुनःपुन्हा बजावले पाहिजे. आणि आमच्या जिल्ह्यापुरते म्हणावयाचे तर, येथील जे पुत्र सैन्यात गेले व परतले नाहीत, त्यांची नावे दर १७ सप्टेंबरला त्यांच्याच गावच्या शाळेत वाचली जावीत, आणि त्यांच्या घरच्या माणसाला हक्काच्या कागदासाठी कचेरीची पायरी दुसऱ्यांदा चढावी लागू नये. यासाठी ना विमान लागते, ना इंधन.

वैमानिक ती जागा रिकामी ठेवितात, कारण ती भरून काढणे त्यांच्या हाती नसते. तिच्याखाली उभे राहून वर पाहणाऱ्या आम्हां नागरिकांच्या हाती मात्र पुष्कळ काही आहे. ते न करता केवळ मान उंचावून पाहत राहणे, ही त्या वीरांची वंचना होय.