आपण बुटके का?



गणेशोत्सवातला ग्रुप फोटो या अंकाच्या मुखपृष्ठावर आहे. मागच्या रांगेत मंडळाचे डच जावई, त्यांच्यापुढे इथे हॉलंडमध्ये वाढलेली आपली पोरं आणि सगळ्यांत पुढे आपण, भारतातून आलेल्या आजी-आजोबांसकट. कुणी रांगा लावल्या नव्हत्या. सगळे आपापल्या उंचीनं उभे राहिले. फोटो ग्रुपवर पडला आणि चर्चेला तोंड फुटलं. एकानं लिहिलं, ‘आपली जातच ठेंगणी.’ दुसऱ्यानं पोरांच्या उंचीचं श्रेय इथल्या दुधाला आणि चीजला देऊन टाकलं. तिसऱ्यानं जनुकांवरचा तासाभराचा व्हिडिओ पाठवला. तो पाठवणाऱ्यानं तरी पूर्ण पाहिला असेल का, शंका आहे. संपादकाला विषय आयता मिळाला.

आपल्या मंडळात पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली घरं बरीच आहेत. ओतूर, आळे, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. म्हणून उत्तर शोधायला या दोन तालुक्यांतच जाऊ. उंचीचा प्रश्न समजायला हॉलंड आणि हिंदुस्थान एवढं अंतर लागतच नाही. घाटघर ते नारायणगाव किंवा अहुपे ते मंचर एवढा एसटीचा प्रवास पुरतो.

पश्चिमेला घाटमाथा: नाणेघाट, आंबोली, हातवीज, भीमाशंकरची रांग. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची गावं आणि पाडे. धो धो पाऊस, भाताची खाचरं, वरकस जमिनीत नाचणी आणि वरई, उन्हाळ्याच्या तोंडावर रोख पैशासाठी बाळहिरडा. पूर्वेला उतरलं की टोमॅटो, कांदा, द्राक्षं, ऊस, दुधाची डेअरी, चारचाकी. मधे धरणं आहेत: माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे. कुकडी प्रकल्पाचं हे पाणी पूर्वेकडे जातं, पार नगर जिल्ह्यात आणि करमाळ्यापर्यंत. डिंभ्याच्या जलाशयात तर खुद्द आंबेगाव हे गाव गेलं; तालुक्याला नाव उरलं. नदीकाठची कसदार खाचरं बुडाली ती पश्चिमेची, आणि पाणी मिळालं पूर्वेला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शिक्षणाचा खर्च त्याच पाण्यावर पिकलेल्या मालातून निघाला आहे. हे म्हणताना जरा अवघडायला होतं, पण खरं ते खरं.

दिवाळीनंतर भात झोडून झाला की घाटमाथ्यावरची माणसं खाली कामाला उतरतात. नारायणगावात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. बायका फडक्यात भाकरी बांधून उभ्या असतात, शेतकरी टेम्पो किंवा जीप घेऊन येतो, रोज ठरतो आणि गाडी भरून जाते. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये तार-बांबूला सुतळीनं वेल बांधायचे, माल तोडायचा, वीस किलोचं क्रेट बांधापर्यंत न्यायचं. या बायकांत एखादी पाच-सहा महिन्यांची गरोदर असते आणि त्यात कुणाला वेगळं काही वाटत नाही. विचारलंच तर बागाईतदार सहज सांगतो, ‘ती माणसं काटकच असतात. चणच तशी.’

या ‘चणच तशी’वर माझा आक्षेप आहे.

आधी जनुकांचं देणं देऊन टाकू. एकाच समाजातल्या दोन माणसांच्या उंचीत जो फरक असतो, त्याचा मोठा भाग आनुवंशिक असतो. साधारण ८० टक्के, असं जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात. २०२२ मध्ये ५४ लाख माणसांच्या माहितीवरून उंचीशी संबंधित १२ हजारांवर जनुकीय फरक नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांचा वाटा चिमूटभर असतो. पेरू देशात मात्र एक असा फरक सापडला आहे, की त्याच्या एका प्रतीनं माणूस सरासरी दोन सेंटीमीटरनी ठेंगणा होतो. तेव्हा जनुकांचा काहीच हात नाही, असं म्हणणारा फसतो. पण ८० टक्क्यांचा तो आकडा एका समाजाच्या आतला आहे. दोन समाजांच्या सरासरीत फरक का, हे तो सांगत नाही. शेजारच्या पोरापेक्षा आपला मुलगा उंच की बुटका हे ठरवताना बापाची उंची कामी येते; पण अख्खं गावच चार बोटं खाली राहिलं असेल, तर ताट, पाणी, आजार आणि काम यांची चौकशी करावी लागते.

डचांचंच घ्या. आज जगातले सर्वांत उंच पुरुष त्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सैन्यभरतीत मोजलेल्या डच तरुणांची सरासरी १६५ सेंटीमीटरच्या आसपास होती. आजच्या भारतीय पुरुषाची सरासरी साधारण तेवढीच आहे. दीडशे वर्षांत डचांची जनुकं काही बदलली नाहीत. बदललं ते पिण्याचं पाणी, दूध, घरातल्या मुलांची संख्या आणि बाळाला मोजायला बोलावणारं सरकारी केंद्र. आणि आता गंमत अशी, की २००१ मध्ये जन्मलेले डच पुरुष १९८० मध्ये जन्मलेल्यांपेक्षा एक सेंटीमीटरनं बुटके निघाले. बाहेरून आलेल्यांमुळे सरासरी उतरली म्हणावं, तर ज्यांचे चारही आजी-आजोबा इथलेच, त्यांचीही वाढ थांबलेली दिसते. चीजचं श्रेय देताना हेही लक्षात असू द्यावं.

इतरत्रही हेच. १८९६ आणि १९९६ या दोन सालांत जन्मलेल्या दक्षिण कोरियन बायकांची तुलना केली, तर शंभर वर्षांत सरासरी २० सेंटीमीटरची भर दिसते. ग्वातेमालातून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची मुलं मायदेशातल्या मुलांपेक्षा दहा-अकरा सेंटीमीटरनं उंच भरली, तीही एका पिढीत, आणि त्यातली बरीचशी वाढ पायांच्या लांबीत. लहानपणी पोटाला कमी पडलं, की आधी पाय आखूड राहतात.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ, कारण या विषयावरचं जगात गाजलेलं एक काम पुणे जिल्ह्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवली. या शेतकरी बायकांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर, वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं २.७ किलोची. त्याच वेळी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती, हे त्यातलं विशेष. स्नायू आणि पोटातले अवयव मार खाऊन होते, चरबी मात्र जवळजवळ शाबूत. पुढे चाळिशीत ज्याला साखर होते, त्या देहाची तयारी तिथेच झालेली असते. आपल्या मंडळात गोळ्या घेणारे किती आहेत, ते जेवणाच्या पंगतीत कळतंच.

आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच बायकांचा आहार आणि कामं तपासली. गरोदरपणी किती उष्मांक आणि किती प्रथिनं पोटात गेली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्या बायका शेतात जास्त राबत होत्या, पाणी वाहत होत्या, त्यांची बाळं लहान होती.

हे वाचून नारायणगावचा अड्डा पुन्हा डोळ्यांपुढे आणा. घाटमाथ्यावर पावसाळ्यात भारंगी, कुर्डू, चाईचा मोहोर अशा रानभाज्यांची चंगळ असते. पण तेव्हा बाई गुडघाभर चिखलात वाकून भात लावत असते. रान सुकतं, तेव्हा ती खाली टोमॅटोत असते. दुधाचं म्हणाल, तर ज्या घरात चार गाई आहेत तिथलंही दूध सकाळी डेअरीत जातं, आणि उरलं तर आधी कुणाच्या पेल्यात पडतं, हे आपल्या आयांना विचारा.

उरलं तर आधी कुणाला, यावरही अभ्यास झाला आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटकं नसतं. मागे पडणं सुरू होतं ते दुसऱ्या मुलापासून, आणि पुढच्या प्रत्येक मुलागणिक वाढत जातं. थोरल्या मुलाचे लाड हे त्याचं मोठं कारण. दोन पाठोपाठच्या भावंडांत, एकाच घरात, एकाच रक्तात हा फरक पडतो. ‘आपली जातच ठेंगणी’ म्हणणाऱ्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

‘काटक असतात’ हे वाक्य बागाईतदारानं शोधलं, असंही नाही. त्याला पुण्यातच शास्त्राचा पोशाख मिळाला होता. १९८२ मध्ये पोषणाविषयी एक ग्रंथ पुण्यातून निघाला, संपादक डॉ. पां. वा. सुखात्मे. सुखात्मे म्हणजे मोठा संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम केलेला. त्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं मांडलं, की गरीब देशातली बरीच माणसं ‘लहान पण निरोगी’ असतात. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं आणि त्यात बिघडत काही नाही. हैदराबादच्या पोषण संस्थेतून पुढे आलेल्या डॉ. गोपालन यांनी यावर कडाडून टीका केली. लहान असणं निरोगी असेल, तर ते फक्त गरिबांनाच का लागू, असा त्यांचा सवाल होता. सुखात्म्यांचा उष्मांकांवरून अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशीही मोठा वाद झाला. याच दांडेकरांनी १९५१ मध्ये मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांबरोबर महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या शरीरमापांचा ग्रंथ काढला होता. म्हणजे मराठी माणसाची टेप लावून मापं घेणारा आणि मराठी माणसाच्या ताटाचा हिशेब मांडणारा विद्वान एकच. सुखात्म्यांबद्दल आदर आहे; त्यांची काही संख्याशास्त्रीय मांडणी आजही खोडून काढायला सोपी नाही. पण ‘लहान पण निरोगी’ हा निष्कर्ष याज्ञिकांच्या बाळांनी खोटा ठरवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आपली मुलं वाढू तरी किती शकतात? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत पाच वर्षांपर्यंतची मुलं मोजली. खाऊनपिऊन सुखी घरातली, अंगावर पिणारी. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. उंचीतल्या फरकापैकी जेमतेम ३ टक्के देशादेशांतला निघाला. दिल्लीचं पोर ऑस्लोच्या पोराबरोबर वाढत होतं. पाच वर्षांनंतर काय होतं, हा वेगळा मुद्दा. तिथे जनुकांचं थोडंफार चालत असेल. पण महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वाढ खुंटलेली आढळली, ती या सहा देशांतल्या मुलांवरून ठरवलेल्या मापानंच. आणि ही पाहणी जिल्ह्यापर्यंतच उतरते. पुणे जिल्ह्याच्या आकड्यात हिंजवडीचे टॉवर आणि अहुप्याचे पाडे एकत्र कालवले जातात.

इथल्या आयांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बाल आरोग्य केंद्रातल्या नर्सनं मूल डच रेषेच्या खाली आहे असं सांगितलं, की घरात सुतक येतं. इथे हिंदुस्तानी मुलांसाठी वेगळे तक्ते आहेत, मूळ सुरिनामहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांवरून केलेले. ते आवर्जून मागा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्तेही आहेत, त्यात पुण्याच्या खाडिलकर डॉक्टर दांपत्याचं मोठं काम आहे. मूल आपल्या रेषेवरून चाललंय ना, एवढं पाहा. उंची वाढवायची पावडर भारतातून मागवू नका.

आता मुद्द्याचं. मंडळ दर वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेली रक्कम गावाकडे पाठवतं. आजवर दप्तरं, वह्या, एकदा संगणक. फोटो छान येतात. पण शाळेत पोचेपर्यंत पोराच्या उंचीचा बराचसा निकाल लागलेला असतो. आईच्या पोटातले दिवस आणि पहिली दोन वर्षं, एवढाच खरा वाव. सरकारची अमृत आहार योजना आदिवासी भागात गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देते, मुलांना अंडी-केळी देते. योजना चांगली आहे. पण अंगणवाडी पाड्यावर आणि बाई नारायणगावच्या टोमॅटोत, मग ते जेवण कुणी खायचं?

म्हणून माझा प्रस्ताव असा, की यंदाची रक्कम घाटमाथ्यावरच्या गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांची बुडीत मजुरी म्हणून द्यावी, म्हणजे त्यांना खाली उतरावं लागणार नाही आणि अंगणवाडीतलं जेवण त्यांच्याच पोटात जाईल. नावं अंगणवाडी सेविका आणि आशाताई सुचवतील, पैसे थेट बाईच्या खात्यात जातील आणि फोटो काढले जाणार नाहीत. रक्कम लहान आहे, त्यामुळे एका गावापासून सुरुवात करावी लागेल. घोडेगाव आणि जुन्नरकडच्या सभासदांपैकी ज्यांची त्या बाजूला ओळख आहे, त्यांनी वार्षिक सभेच्या आधी माझ्याशी बोलावं. दप्तरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही सभेला यावं. मतदान हात वर करूनच होईल.