गप्प मुलाचा गुन्हा काय?

आपल्या सीमाभागातल्या शाळेत मूल गप्प बसू लागले, की आम्ही शिक्षक एकच निदान करतो : ‘कानडीत कच्चा आहे!’ मीही नोकरीची सारी वर्षे हेच केले.

सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला एक मुलगा आठवीला आमच्याकडे आला. दोन वर्षे रमला. दहावीत मात्र बोलेनासा झाला. डबा एकटाच खाई, अक्षर बिघडले. मी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, ‘लक्ष नाही. भाषा सुधारावी.’ वडिलांनी त्याला बदडले. चार वर्षांनी त्याच्या कानात आवाज येऊ लागले. आधी अंगारे-धुपारे झाले, मग धारवाड. तो तेव्हा घरीही, आईशी मराठीतसुद्धा, बोलत नव्हता हे मला फार उशिरा कळले. कारण मी विचारलेच नव्हते!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की निम्मे मानसिक विकार अठराव्या वर्षापर्यंत सुरू होतात. ब्रिटनमध्ये 1946 साली मार्चच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची पाहणी पुढे अनेक वर्षे चालली. त्यातल्या ज्यांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला, ती मुले पंधराव्या वर्षी इतरांहून अधिक बुजरी व चिंताग्रस्त असल्याची नोंद त्यांच्या शिक्षकांनीच करून ठेवली होती. हा निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाच्या डोळ्यांना दिसते; प्रश्न आहे तो पाहण्याचा.

याचा अर्थ प्रत्येक लाजाळू पोर वेडे होणार, असा मुळीच नाही. बहुतेक बुजरी मुले पुढे ठणठणीत राहतात. शिक्षकाने ज्योतिषी होऊ नये आणि डॉक्टरही होऊ नये. निदान डॉक्टरांचे, शिक्का कुणाचाच नको. शिक्षकाने पाहायचा तो बदल : काल हसणारा आज का हसत नाही?

‘वर्गात साठ पोरे, वर जनगणना आणि निवडणुकीची कामे, हे कधी करायचे?’ असे माझे सहकारी विचारतील. तक्रार खरी आहे, पण ती सरकारदरबारी करावी. तिचा दंड मुलाने का भरावा? शेरा मारायला वेळ मिळतो, तर आईला एक प्रश्न विचारायला का मिळू नये : ‘बाई, हा घरी आपल्या भाषेत तरी बोलतो का?’ बोलत असेल, तर अडचण बहुधा भाषेची, शिकवा. घरीही गप्प असेल, तर व्याकरणाचे पुस्तक मिटा आणि डॉक्टरांचा रस्ता दाखवा. 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारी ‘टेली-मानस’ सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येते, कानडीतही.

आणि पालकहो, ‘लोक काय म्हणतील’ हे तुमचेही पांघरूण आता फेका. ‘याला धारवाडला पाठवा’ हा टोमणा आपल्याच ओट्यांवर पिकतो. त्या भीतीपायी चार-चार वर्षे वाया जातात.

भाषेसाठी आपण पुष्कळ भांडलो, भांडूही. पण ज्या मुलाची वाचाच आतून बंद होत आहे, त्याला आधी कोणत्या भाषेचे गुण द्यायचे, गुरुजी?