४२ दिवसांनंतरचं बाळ

"जिथे बाळ जगवायचीच मारामार, तिथे शाळेत त्याचं लक्ष लागतं का, हे विचारणं म्हणजे शहरी चोचले." चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आरोग्याचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. त्यामागची कळकळ खरी आहे, पण तो आता जुना झाला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. २०११पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर ४२ दिवस घरभेटी देतात. पूर्वी दगावणारी कमी दिवसांची, उशिरा रडलेली बाळं आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत येतात. आणि फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांत लक्ष न टिकण्याचा विकार (एडीएचडी) इतरांच्या दोन-तीन पट आढळतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. अशी मुलं बहुधा धिंगाणा घालत नाहीत. वर्गात गप्प बसून हरवतात आणि 'ढ' ठरतात. बाळं वाचवणाऱ्या जिल्ह्यानेच हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक क्रूर आहे: आईनेच तंबाखूचा खर्रा खाल्ला, दिवस भरेपर्यंत भाताच्या रोवणीला गेली, मग मूल असंच होणार! खर्रा सुटलाच पाहिजे, तंबाखूने बाळाचं वजन घटतं. पण या विकारात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे. गरोदर आईच्या धूम्रपानाशी त्याचं जोडलेलं नातंही, सख्ख्या भावंडांची तुलना केली की बरंचसं विरतं. शिवाय रक्तक्षय, सिकलसेल, मलेरिया, पर्लकोटा नदीच्या पुराने तुटलेला भामरागडचा रस्ता, यांतलं काय त्या बाईने निवडलं? जोखीम म्हणजे गुन्हा नव्हे, आणि विधिलिखितही नव्हे. कमी वजनाची बहुतेक मुलं या विकाराविना वाढतात.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. घरी माडिया बोलणारं पोर आश्रमशाळेत मराठी धडा ऐकताना खिडकीबाहेर बघतं, ते आजारी नसतं. त्याला धडा कळत नसतो. म्हणून आधी भाषा, कान, हिमोग्लोबिन तपासा. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. एवढं झाल्यावरच विकाराचं नाव घ्या.

यासाठी नवी योजना नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा अतिचंचलतेचा विकार आहेच, त्या कार्यक्रमाची पथकं शाळांत जातातही. फक्त माता-बाल कार्डावरचं जन्मवजन, गरोदरपणाचे आठवडे, बाळ जन्मताच रडलं का, एवढं त्या पथकाच्या हाती पडू द्या. ज्यांची सुरुवात अवघड झाली, ती मुलं दुसरी-तिसरीत असताना पुन्हा नीट पाहा. आणि भामरागडच्या आईला मजुरी बुडवून गडचिरोलीला बोलावू नका. तपासणारा माणूस आश्रमशाळेत पाठवा, सोबत माडिया बोलणारं कुणीतरी द्या.