जळाले निम्मे, रद्दीत गेले निम्मे

आयर्लंडमध्ये आपले मूळ शोधायला निघालेल्या अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन माणसाला सुरुवातीलाच एक हकीकत ऐकवली जाते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातले सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत बेचिराख झाले. मग आता काय हाती लागणार? हकीकत खरी, पण अर्धीच. त्या आगीत १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्यांचे जवळजवळ सगळे कागद गेले. पुढच्या चार शिरगणत्यांना मात्र आगीची वाट पाहावी लागली नाही. १८६१ आणि १८७१ चे अर्ज, आकडेवारी काढून झाल्यावर, सरकारनेच नष्ट करवले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला धाडले. म्हणजे बंदुकीने चार घालवल्या आणि कारकुनीनेही चारच. बोल मात्र बंदुकीलाच लागतात.

याची झळ सर्वांत जास्त बसली ती टाउनलँडला. आयर्लंडच्या महसुली रचनेतला हा सर्वांत लहान तुकडा. आपल्याकडच्या वाडीला तिचे शिवार जोडले तर जे होईल तसा. असे सुमारे ६१ हजार तुकडे त्या बेटावर आहेत. काही जेमतेम काही एकरांचे, काही हजारो एकरांचे. गावखेड्यात पत्ता सांगायचा तो टाउनलँडचाच. १८२० च्या दशकात सुरू झालेल्या मोजणीने त्यांच्या हद्दी नकाशावर आणल्या, रिचर्ड ग्रिफिथच्या मूल्यांकनाने १८४७ ते १८६४ या काळात कोणाच्या ताब्यात कोणता तुकडा आणि त्याची किंमत किती, हे छापले. हेतू कर बसवण्याचा. कुळांच्या वंशजांची सोय करावी, असे कोणाच्या मनातही नव्हते.

या कोरड्या कागदांत सर्वांत बोलके आहेत ते पेन्शनचे. १९०९ च्या १ जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले. अडचण अशी की सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये सुरूच झाली १८६४ साली. सत्तरीच्या म्हातारीने दाखला आणायचा कुठून? १८३९ च्या जानेवारीत आलेले ते भयंकर वादळ आठवते, असे कोणी सांगे. बाकीच्यांसाठी मोठा उपाय म्हणजे १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत नाव शोधणे. ते कागद टाउनलँडवार लावलेले असल्याने अर्जात आईवडिलांची नावे आणि त्या वेळी घर कोणत्या टाउनलँडमध्ये होते, हे लिहावे लागे. कारकून मूळ कागद काढून सापडलेले वय अर्जावर उतरवून घेई. मूळ कागद १९२२ मध्ये जळाले. उतारे असलेले हजारो अर्ज वाचले. आज त्या जळालेल्या शिरगणत्यांचे जे काही हाताशी आहे, त्यातला मोठा वाटा पाच शिलिंगांसाठी केलेल्या या खटाटोपाचा आहे. या पेन्शनने आणखी एक गंमत केली: १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्यांचे कागद शेजारी ठेवले, तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढलेली माणसे घरोघर भेटतात.

भांडणही दप्तर राखते. रॉसकॉमन परगण्यातले बॅलिकिलक्लाइन हे टाउनलँड इंग्लंडच्या राजसत्तेच्या थेट मालकीचे होते आणि महॉन घराण्याकडे भाडेपट्ट्याने होते. १८३४ मध्ये पट्टा संपला आणि कुळांनी खंड देणे बंद केले. वकील नेमले, अर्जविनंत्या केल्या, नोटिसा झुगारल्या. तेरा वर्षे हे चालले. अखेर आयर्लंडच्या महादुष्काळात, १८४७-४८ मध्ये, साडेतीनशेहून अधिक माणसांना सरकारी खर्चाने न्यूयॉर्कला धाडून घरे पाडण्यात आली. पण मालकच सरकार असल्याने हिशेब, याद्या, तक्रारी यांचा ढीग उरला आणि त्यावर इतिहासकार रॉबर्ट स्कॅली यांनी १९९५ साली अख्खा ग्रंथ उभा केला. निमूटपणे खंड भरून उपाशी मेलेल्या शेजारच्या टाउनलँडबद्दल एवढे कोण लिहिणार?

नियम पाळणाऱ्यांचे नशीब तर आणखी उलटे. १८७६ पासून चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या जुन्या नोंदवह्या सुरक्षिततेसाठी डब्लिनला पाठवण्याचा कायदा होता. ज्या गेल्या, त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. कॅथलिक पाद्र्यांकडच्या वह्यांना हा कायदा लागूच नव्हता; त्या गावोगावच्या चर्चमध्ये ओल खात पडून राहिल्या आणि टिकल्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा सर्वांना फुकट खुल्या केल्या. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्याही फुकटच पाहता येतात. हे धोरण उत्तम, यात वाद नाही.

आक्षेप आहे तो शोधणाऱ्यांच्या सवयीवर आणि सरकारच्या विसराळूपणावर. पणजोबाचे नाव सापडले की पान मिटायचे, ही सवय. वास्तविक त्याच टाउनलँडमधली बाकीची घरे वाचली, तर लग्नाचे साक्षीदार, मुलांचे धर्मपालक, बोटीतले सोबती तिथेच भेटतात. एकाच आडनावाची पाच घरे असली, तर आपले कोणते हेही शेजाऱ्यांवरूनच ठरते.

दुसरीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये टपाल खात्याने १९७० च्या दशकात ग्रामीण पत्त्यांत रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक आणून टाउनलँडला बाजूला सारले. लोकांनी विरोध केला. फर्मॅना परगण्याने तर दाद दिली नाही आणि टाउनलँड पत्त्यात राखले. इतरत्र ते अनावश्यक ठरले. १८६१ आणि १८७१ चे कागद नष्ट करणाऱ्यांनाही ते अनावश्यकच वाटले होते. टपालवाल्याला घरक्रमांक पुरत असेल. शंभर वर्षांनी त्या घरातल्या माणसाला ग्रिफिथच्या यादीशी आणि पेन्शनच्या अर्जाशी जोडायचे, तर तिन्हींत समान असलेले टाउनलँडचे नावच लागेल, आणि ते पत्त्यात ठेवायला एका ओळीपेक्षा जास्त खर्च नाही.